नडगीचे हाड आणि कुर्गानचे डॉक्टर

गेल्या महिन्यात आमचा दादा गेला. ब्याऐंशी वर्षांचा होता. त्याने मला दहा-बारा वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला होता. जन्मभर इतिहास शिकवला, पण त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मागाहून वाचून काढले. त्याला थोडेफार सांगितलेही, पण सगळे सांगायचे राहून गेले. ते आज इथे लिहून टाकते.

1969 च्या पावसाळ्यात भरलेल्या बैलगाडीचे चाक दादाच्या पायावरून गेले. नडगीचे हाड मोडून बाहेर आले. आपली नडगी हाताने चाचपून पाहा. मागे पोटरीचे मांस आहे, पुढे मात्र हाडावर नुसते कातडे. म्हणून हे हाड मोडले की पटकन उघडे पडते, त्यात घाण शिरते आणि रक्तपुरवठा कमी असल्यामुळे भरूनही लवकर येत नाही. दादाचे तेच झाले. प्लॅस्टर, पू, पुन्हा प्लॅस्टर, पेनिसिलिनची इंजेक्शने. सडलेल्या हाडाचे तुकडे काढत गेले आणि मधे पोकळी वाढत गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीत घरी आले की ओसरीवर येणारा तो वास अजून आठवतो. शेवटी 1970 मध्ये गुडघ्याखालून पाय कापला. डॉक्टर सज्जन होते. "जीव वाचवायचा तर दुसरा इलाज नाही," म्हणाले, आणि त्यांच्यापुरते ते खरेच होते.

2014 साली दादाच्या नातवाला मोटरसायकलचा अपघात झाला. तीच नडगी, तसाच पू. बसवलेली पट्टी काढावी लागली, सहा सेंटीमीटर हाड कापून टाकावे लागले. मला वाटले, झाले, पुन्हा तेच. पण डॉक्टरांनी पायाभोवती स्टीलच्या रिंगा बसवल्या. हाडातून आरपार बारीक तारा घालून त्या रिंगांना ताणून बांधल्या होत्या. पोरगा रोज चार वेळा पाना घेऊन नट फिरवायचा. दादा खुर्चीत बसून ते बघत असे. एक दिवस मला म्हणाला, "काय गं, ही चाकं माझ्या वेळी कुठे होती?"

उत्तर असे आहे, की ती होती. सैबेरियात होती.

गाव्रिल इलिझारोव यांचा जन्म 1921 चा. 1944 मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांना कुर्गान प्रांतातल्या दोलगोवका नावाच्या खेड्यात पाठवले. आसपास दुसरा डॉक्टर नाही, औषधांची टंचाई, आणि महायुद्धातून मोडके हातपाय घेऊन परतलेले सैनिक. प्लॅस्टरमध्ये महिनोन् महिने ठेवूनही हाडे जुळत नव्हती. हाड बाहेरून घट्ट धरता येईल का, याचा त्यांनी ध्यास घेतला. घोडागाडीच्या जुवाची कमान बघून त्यांना रिंगांची कल्पना सुचली आणि सुरुवातीला सायकलचे स्पोक वापरले, असे सांगतात. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची चौकट तयार होती.

पुढचा शोध चुकून लागला, अशी गोष्ट सांगतात. हाडाची टोके एकमेकांवर दाबली जावीत म्हणून रोग्याला नट फिरवायला सांगितले होते. त्याने ते उलटे फिरवले. टोके लांब गेली, पण एक्स-रेमध्ये मधल्या फटीत नवे हाड दिसू लागले! हळूहळू ताण दिला तर शरीर स्वतःच हाड तयार करते. मग कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी वेग ठरवला. दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत. यापेक्षा घाई केली तर हाड धरत नाही, फार रेंगाळले तर वेळेआधीच जुळून बसते.

आता सडलेल्या हाडाचे काय करायचे? ते निर्दयपणे काढून टाकायचे, निरोगी हाड लागेपर्यंत. मग वरच्या चांगल्या भागात हाडाला काप द्यायचा आणि तो सुटा तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवत न्यायचा. खालची पोकळी तुकडा बुजवतो, त्याच्या मागे राहिलेली जागा नवे हाड भरून काढते. आमच्या पोराचे सरकवण्याचेच दोन महिने होते. नंतर हाड पिकेपर्यंत रिंगा ठेवाव्या लागल्या, एकूण अकरा महिने. तारांच्या भोकांतून पू यायचा, रात्री झोप नसे. जादू नाही ही. पण पाय राहिला.

मग दादापर्यंत हे का पोचले नाही? मॉस्कोतले बडे डॉक्टर इलिझारोवना फिटर म्हणून हिणवत. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचा उंच उडीतला विजेता व्हॅलेरी ब्रुमेल 1965 मध्ये मोटरसायकलवरून पडला. त्याची नडगी अनेक शस्त्रक्रियांनंतरही जुळेना. 1968 मध्ये तो कुर्गानला गेला आणि बरा झाला. 1970 च्या सुमारास त्याने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. तेच साल आमच्या दादाच्या पाय कापण्याचे.

देशात नाव झाले, पण देशाबाहेर गेले नाही. ते नेले एका रोग्याने. इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी. 1958 मध्ये बोनात्तीबरोबर गाशेरब्रुम-4 शिखरावर पहिल्यांदा पोचलेला. 1961 मध्ये बर्फावर घसरून त्याची नडगी मोडली आणि वीस वर्षे तो लंगडत राहिला. तशाच पायाने थॉर हेयरडालच्या पपायरसच्या ‘रा’ नावेतून अटलांटिकवर गेला. नावेवरचे डॉक्टर सेन्केविच रशियन होते. त्यांच्या ओळखीमुळे माउरी 1980 मध्ये कुर्गानला पोचला. परतला तो सरळ पायाने, आणि तिथले डॉक्टर थक्क झाले. 1981 मध्ये इलिझारोवना इटलीत बेलाजिओ इथे व्याख्यानाला बोलावले. तेव्हा कुठे पश्चिमेला ही विद्या कळली, आणि आपल्याकडेही ती त्यानंतरच रुळली.

गंमत बघा, त्या काळी रशिया आपला मित्र. आमच्या तालुक्याला रशियन कथांची पुस्तके आठ-बारा आण्यांत मिळत. कथा आल्या, नट आणि पाना आले नाहीत.

दादाला यातले निम्मे सांगितले तेव्हा मला वाटले होते की तो हळहळेल. तो म्हणाला, "म्हणजे डॉक्टरची चूक नव्हती. बरं झालं सांगितलंस." पंचेचाळीस वर्षे ती शंका त्याने मनात ठेवली होती, हे मला तेव्हा समजले.

परवा दादाला खांदा द्यायला तोच नातू पुढे होता. जरासा लंगडतो, पण स्वतःच्या दोन्ही पायांवर स्मशानापर्यंत चालत गेला.

असो.