कंपनीने सोडलेली, मालकांनी सांभाळलेली गाडी

बसमध्ये किंवा लोकलमध्ये नेट गेलं की वाचणं सोपं पडतं, म्हणून हा भागसुद्धा नेहमीप्रमाणे लिहून ठेवतेय.

आज एका गाडीची गोष्ट आहे. ती बनवणं १९७८ साली बंद झालं. एकूण बनल्या १२,९२१. आणि आज, जवळपास पन्नास वर्षांनी, त्यातल्या बऱ्याच अमेरिकेच्या रस्त्यांवर अजून फिरताहेत. त्यात लोक झोपतात, स्वयंपाक करतात, शेकडो मैल जातात. मी सॉफ्टवेअरवाली आहे. आमच्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीचा कोड समोर आला तरी आम्ही नाकं मुरडतो. त्यामुळे मला प्रश्न पडला की जिला बनवणाऱ्या कंपनीनेच सोडून दिलं, ती गाडी इतकी वर्षं जगली कशी?

गाडीचं नाव जीएमसी मोटरहोम. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. कारच्या मागे ओढतात तो कॅराव्हॅन वेगळा. मोटरहोमचं इंजिन तिचं स्वतःचं असतं, आणि स्टिअरिंगच्या मागेच ओटा, पलंग, संडास-बाथरूम सगळं असतं.

घर आधी, गाडी नंतर

अमेरिकेत असल्या गाड्या आधीपासून होत्या. बसचं घर करून फिरणारे हौशी लोक तर खूपच. १९६३ च्या जुलैमध्ये मेन राज्यातल्या हिंकली गावात अशी काही कुटुंबं खग्रास सूर्यग्रहण बघायला आपापल्या गाड्या घेऊन जमली आणि तिथेच त्यांची एक मोठी संघटना जन्माला आली. ग्रहण काही मिनिटांत संपलं, संघटना अजून आहे. मधल्या काळात रेमंड फ्रँक नावाच्या गृहस्थाने डॉजच्या चासीवर मोटरहोम बनवून विकायला सुरुवात केली होती. १९६६ मध्ये आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबॅगो कंपनीही या धंद्यात उतरली.

पण या बहुतेक गाड्यांची रीत एकच होती. चासी आणि इंजिन ट्रकच्या कंपनीचं, वर घर बांधणारा दुसराच. ट्रकला इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. म्हणजे मधून लांबच लांब शाफ्ट जाणार, त्याच्या वर फरशी. त्यामुळे घर उंचावर आणि चढायला पायऱ्या. वळणावर गाडी झुलायची ती वेगळीच.

जनरल मोटर्सने ठरवलं की आपण चासीपासून छतापर्यंत सगळं स्वतःच बनवायचं. १९७२ मध्ये गाडी लोकांना दाखवली आणि १९७३ चं मॉडेल म्हणून विकायला काढली. कारखाना मिशिगन राज्यातल्या पॉन्टिअॅकमध्ये. लांबी दोन प्रकारची, २३ फूट आणि २६ फूट.

मुख्य युक्ती अशी की ताकद पुढच्या चाकांना. त्यासाठी त्यांनी नवं इंजिन बनवलं नाही. ओल्ड्समोबिल टोरोनाडो नावाची त्यांचीच एक आलिशान कार १९६६ पासून बाजारात होती. तिचं ४५५ घन इंचांचं, म्हणजे साडेसात लिटरचं व्ही-एट इंजिन उचललं. गिअरबॉक्सही तिचाच, इंजिनाच्या मागे नाही तर शेजारी बसणारा. दोघांना जोडणारी एक रुंद साखळी. कार होती पाच-सहा माणसांची, आता तीच यंत्रणा दुपटीहून जास्त वजन ओढणार होती. आणि ओढलं हो तिने!

मागे शाफ्टच नाही, त्यामुळे फरशी खाली आली, रस्त्यापासून जेमतेम १४ इंचांवर. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाकं आणि दोघांच्या मधे हवा भरलेला रबरी फुगा, आपल्या एअर सस्पेन्शनच्या बसला असतो तसा. मुक्कामाची जागा उतरती असेल तर फुग्यातली हवा कमी-जास्त करून घर समतल करता येतं. चहाचा कप घसरत नाही.

आता पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना एक आठवण करून देते. आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात जर्मन आराखड्यावर बनणारी मॅटाडोर आठवते? निदान आई-बाबांना तरी आठवेल. तीही पुढच्या चाकांवर चालायची, म्हणून तिचीही फरशी खाली. दुधाचे कॅन चढवायला सोपं, पेशंटचं स्ट्रेचर ढकलायला सोपं. दोन्ही गाड्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण डोकं एकाच दिशेने चाललेलं.

तेल महागलं आणि कारखान्याला जागा हवी झाली

गाडी आली आणि वर्षभरात, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. पंपांवर रांगा लागल्या. १९७४ च्या सुरुवातीला अख्ख्या देशात ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. आणि ही गाडी लिटरला चार किलोमीटरच्या आसपास देणारी, पोटात ५० गॅलन, म्हणजे सुमारे १९० लिटर पेट्रोल. विचार करा!

तरीही ती तग धरून राहिली. १९७७ मध्ये जरा लहान, ४०३ घन इंचांचं इंजिन आलं. पण १९७८ मध्ये कंपनीने हात आखडता घेतला. कारखान्यातली जागा जास्त खपणाऱ्या ट्रकसाठी हवी होती. हिशेब म्हणून बघितलं तर चूक काहीच नाही. पण ज्यांनी घराएवढे पैसे घालून गाडी घेतली होती त्यांचं काय? पुढे कंपनीने सुट्या भागांचा व्यवहारही बाहेरच्या एका लहान कंपनीकडे सोपवला. तिथून पुढचा इतिहास मालकांचा आहे.

जुनी गाडी मरते कशाने?

आपल्याला वाटतं इंजिन बसलं की गाडी संपली. तसं होत नाही. ते दणकट इंजिन उघडता येतं, पुन्हा बांधता येतं. जुनं मोटरहोम मरतं ते रबराने, पाण्याने आणि वायरींनी.

रबर आधी घेऊ. १९७० च्या दशकातल्या पेट्रोलच्या नळ्या त्या काळच्या पेट्रोलसाठी होत्या. नंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं, आपल्याकडेही आता मिसळतात. जुनं रबर त्याने आतून फुगतं, तडकतं. ही नळी गरम इंजिनाजवळ गळली तर गाडी पेटते, आणि इथे गाडी म्हणजे घर. म्हणून जाणते मालक जुनी गाडी घेतली की पडदे-गाद्या बाजूला ठेवून आधी सगळ्या नळ्या बदलतात, आणि दारापाशी अग्निशामक लावतात.

उन्हाळ्यात दुसरी कटकट. इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, इंजिनावरच्या पंपाला वाफ ओढता येत नाही आणि गाडी चढावर बंद पडते. यावर मालकांनी काढलेला तोडगा साधा आहे. टाकीजवळ विजेचा पंप बसवायचा, म्हणजे पेट्रोल मागून ढकललं जातं, पुढून ओढावं लागत नाही.

मग टायर. त्यांच्यावरची नक्षी शाबूत असते, पण रबर वयाने मरतं. गाडी वर्षातून दोन महिने चालते, दहा महिने उभी. (आत्ता उठून आपल्या स्कूटरचा टायर बघा. बाजूला एका चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.) मूळ गाडीला साडेसोळा इंचांची रिम होती. त्या मापाचे टायर बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले, तेव्हा मालकांनी सोळा इंचांच्या रिम शोधून बसवल्या.

पाण्याचं दुखणं गुपचूप येतं. शरीर ॲल्युमिनियमचं आणि फायबरग्लासचं, ते गंजून पडत नाही. पण खिडक्यांचं रबर सुकतं, छतावरच्या झडपांच्या कडेने पाणी मुरतं आणि खालचा प्लायवूड कुजतो. वायरींचं तर विचारू नका. दिवा मंद, पंखा बंद, मीटर खोटं बोलतंय, की बहुतेक वेळा दोष त्या वस्तूत नसतो, अर्थिंगच्या जोडावर गंज चढलेला असतो. तो घासला की निम्म्या तक्रारी जातात.

वही

मी मिशिगनमध्ये दीड वर्ष ऑनसाइट होते. माझ्या घरमालकांकडे अशी एक २६ फुटी गाडी होती. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे. शनिवारी मला हाक मारायचे, कारण दोन्ही पुढच्या सीटांच्या मधलं झाकण उघडून खाली इंजिनात हात घालायचा तर बारीक मनगट लागतं. माझं काम टॉर्च धरणं आणि पडलेला नट शोधून देणं.

त्यांच्याकडे स्प्रिंगची एक जाड वही होती. प्रत्येक कामाची तारीख, गाडी किती मैल चालली तो आकडा, काय बदललं, आणि शेवटी एक ओळ, का बदललं. मी म्हटलं, "बिलं ठेवली तरी चालतील की." ते म्हणाले, "काय केलं ते गाडीकडे बघून कळतं. का केलं, ते गाडी सांगत नाही."

मंडळी, आमच्या ऑफिसात कोड बदलताना खाली दोन ओळी कारण लिहा म्हणून लीड ओरडत असतो आणि आम्ही 'फिक्स केलं' एवढंच लिहून मोकळे होतो. इथे एक निवृत्त माणूस कुणी न सांगता तेच काम तीस वर्षं करत होता. मी म्हटलं, "मुलांना हवीय का गाडी?" त्यांनी मान हलवली, नाही. "पण घेणारा कोणी तरी येईल," म्हणाले, "त्याला वही मिळाली पाहिजे."

मग ही गाडी टिकली का?

मला दोन कारणं दिसतात. पहिलं कारण आराखड्यात आहे. गाडीचा बाहेरचा आकार जगावेगळा होता, पण आतलं इंजिन, गिअरबॉक्स, रॉचेस्टरचा कार्बोरेटर हे सगळं कंपनीच्या इतर गाड्यांचंच होतं. म्हणजे सुटे भाग लाखो कारसाठी बनत होते. पुढचे बेअरिंग आणि ब्रेक कमी पडतात असं लक्षात आल्यावर मालकांनी जनरल मोटर्सच्याच एक टनी ट्रकचे भाग घेऊन पुढचा भाग मजबूत केला. जे भाग फक्त याच गाडीचे, जसे मागचे हवेचे फुगे, तिथे खरी अडचण. ते भाग आज मिळतात, कारण मालकांच्या मागणीवर कुणीतरी ते पुन्हा बनवायला घेतले.

दुसरं कारण वहीचं. हे लोक वर्षातून एक-दोनदा एखाद्या मैदानावर गाड्या घेऊन जमतात. जेवणं होतात, गप्पा होतात, आणि सकाळी खुर्च्या मांडून चक्क वर्ग भरतो. कुणी साखळी कशी तपासायची ते दाखवतो, कुणी गळती कशी शोधायची ते. सर्व्हिस मॅन्युअलच्या झेरॉक्स फिरल्या, मग स्कॅन फिरले. कंपनीने जे ज्ञान कपाटात बंद केलं असतं ते असं हातोहात चालत राहिलं.

पण यात धोकाही तोच आहे. त्या मैदानावर मला दिसलेली बहुतेक डोकी पांढरी होती. यंत्र उघडून बघणारी ती पिढी गेली आणि वह्या रद्दीत गेल्या, तर चांगली चालती गाडीसुद्धा भंगारात जाईल, फक्त तिचं कसं करायचं हे सांगणारा उरला नाही म्हणून.

आपल्याकडे हे नवीन नाही. मॅटाडोर, लॅम्ब्रेटा, जुन्या मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं उघडून दुरुस्त करणारे कारागीर आपल्या प्रत्येक पेठेत, प्रत्येक तालुक्याच्या गावी होते, काही अजून आहेत. त्यांच्या हातात जे आहे ते बहुतेकांनी कधी लिहिलं नाही, कारण त्यांना कुणी विचारलंच नाही. तुमच्या हातातला फोन मात्र त्यांना उघडता येऊ नये अशा बेताने चिकटवलेला असतो, आणि त्यात रेकॉर्डर असतो! तर या रविवारी एक काम करा. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या जुन्या मेकॅनिककाकांकडे चहा घेऊन जा, परवानगी विचारा, फोन समोर ठेवा आणि एकाच दुरुस्तीबद्दल विचारा. "काय केलं?" हे ते सांगतीलच. "का केलं?" हे मुद्दाम विचारा. रेकॉर्डिंग मला पाठवा. चांगली पाच-सहा जमली तर त्यांचाच एक भाग करू.

चला, भेटू पुढच्या भागात. टायरवरचे आकडे तेवढे बघून ठेवा.