पुणें दरबार आणि समुद्र

१५ जानेवारी २०२५ रोजीं मुंबईच्या नौदल गोदींत 'निलगिरी' नांवाची युद्धनौका आरमारांत दाखल झाली. जहाज नवें, पण नांव जुनें. माझगांव गोदींत बांधलेली पहिली 'निलगिरी' १९७२ सालीं आरमारांत आली आणि १९९६ सालीं निवृत्त झाली. त्या पहिलीचा आराखडा विलायतेंतील 'लियँडर' जातीच्या जहाजांवरून घेतलेला, आणि वजन तीन हजार टनांच्या आंत. नवीचा आराखडा आपल्याच नौदलाच्या कचेरींत तयार झालेला. वजन साडेसहा हजार टनांहून अधिक, आणि शत्रूच्या रडारला सहज दिसूं नये म्हणून तिच्या बाजू तिरप्या ठेवलेल्या. जुनें जहाज वेळीं काढावें, त्याचें नांव नव्यास द्यावें, पण आराखडा मात्र काळाप्रमाणें पार बदलावा, ही आरमाराची रीत होय. आपल्या पुण्याच्या दरबाराला ती साधली नाहीं. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

मी जन्मभर मुलांना इतिहास शिकविला. आंगऱ्यांचा पाठ आला कीं कोणी तरी विचारीच, "मास्तर, आंगऱ्यांचीं जहाजें इंग्रजांच्या जहाजांपेक्षां लहान कां?" पुस्तकांत याचें उत्तर नसे. प्रश्न मात्र मोठा मार्मिक आहे.

आंगऱ्यांच्या आरमाराचें मुख्य बळ गुराब. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारें दीडशें टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशें टनांपर्यंत. लांबीच्या मानानें रुंदी पुष्कळ, पाण्यांत बुडणारा भाग थोडा, आणि नाळ चोंचीसारखी पुढें आलेली. त्या नाळेशीं दोन जड तोफा समोर रोखलेल्या असत. बाजूंच्या तोफा त्यांहून हलक्या. गुराबेच्या जोडीला गलबत. तें फार तर सत्तर टनांचें, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांनीं चालणारें. वारा पडला म्हणजे विलायती जहाज जागच्या जागीं खिळून राही. तेव्हां गलबतें दोर लावून गुराबांना ओढीत आणि त्या जहाजाच्या पिछाडीस नेऊन उभ्या करीत. कारण त्याच्या बहुतेक तोफा दोन्ही बाजूंस, पिछाडी जवळजवळ उघडी. तेथून मारा करून त्याच्या डोलकाठ्या मोडल्या कीं गलबतांवरचीं माणसें चोहोंकडून वर चढत. उलट फार मोठें जहाज अंगावर आलेंच, तर उथळ खाडींत शिरावयाचें. तेथें त्याची गति खुंटे. कोंकणच्या खाड्या, खारे वारे, मतलई वारे हें सारें ओळखून केलेला हा आराखडा होता. जहाज लहान होतें तें यासाठीं, अज्ञानामुळें नव्हे. १७२९ सालीं कान्होजींनीं देह ठेवला, तोंपर्यंत याच जोरावर त्यांनीं मुंबईकर व गोवेकर दोघांनाही जेरीस आणलें होतें.

कान्होजींच्या मागें घराण्यांत दुही माजली. मानाजी कुलाब्यास, तुळाजी विजयदुर्गास. तुळाजी पेशव्यांची सत्ता मानीना. शेवटीं १७५५ सालीं नानासाहेबांनीं मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. त्याच वर्षीं कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेतला, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. वॉटसनच्या एकट्या 'केंट' जहाजावर सत्तर तोफा. तुळाजीच्या गुराबा मात्र किल्ल्याच्या आश्रयानें खाडींत एकमेकींना बांधून उभ्या केलेल्या. ज्यांचें सारें सामर्थ्य हालचालींत, त्याच बांधून ठेवल्या! १२ फेब्रुवारीस इंग्रजांचा एक गोळा 'रेस्टोरेशन' जहाजावर पडला. हें जहाज तुळाजीनें पूर्वीं इंग्रजांकडूनच हिसकावलेलें होतें. त्यास आग लागली, तेथून ती गुराबांस लागली, आणि बघतां बघतां सारें आरमार भस्म झालें. दुसऱ्या दिवशीं किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. तेथील द्रव्य त्यांनीं आपसांत वांटून घेतलें. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत मेला.

नानासाहेबांनीं आपलेंच आरमार बुडविलें, असें आपण पुणेकर पुष्कळ दिवस ऐकत आलों आहों. मला तें अर्धेंच खरें वाटतें. उघड अवज्ञा करणारा सरदार कोणता राज्यकर्ता चालूं देईल? शत्रूच्या हातून त्याचें पारिपत्य करविलें ही चूक खरीच. परंतु मोठा दोष त्याच्या पुढचा आहे. जळालेल्या आरमाराच्या जागीं नवें उभें करतांना तें कोणत्या नमुन्याचें असावें, या प्रश्नाकडे दरबारानें नेटानें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. बाणकोट इंग्रजांस देऊन विजयदुर्ग परत घेतला गेला. तेथें सरकारी आरमार राहिलें, आणि त्यावर आनंदराव धुळपांसारखा शूर पुरुष होता. १७८३ च्या एप्रिलांत धुळपांनीं घनघोर लढाई करून कंपनीचें 'रेंजर' जहाज पाडाव केलें. पण 'रेंजर' अवघें बारा तोफांचें, आणि सालबाईचा तह तर आदल्याच वर्षीं झालेला. हा पराक्रम खरा. मात्र त्याच्या जोरावर 'केंट'सारख्या जहाजाशीं गांठ घालतां आली नसती.

आणि मुंबईस काय चाललें होतें? १७३६ सालीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले, आणि त्यांच्या घराण्यानें मलबारच्या सागवानाचीं जहाजें बांधण्यास आरंभ केला. हें लांकूड विलायती ओकापेक्षां दीर्घकाळ टिके. १८१० सालीं जमशेटजी बमनजींनीं इंग्लंडच्या राजाच्या आरमारासाठीं चौऱ्याहत्तर तोफांचें 'मिंडेन' पाण्यांत सोडलें. सागवान या देशाचें, सुतार या देशाचे, गोदी पुण्याहून चार-पांच मजलांवर! असें एकही जहाज पुणें दरबारानें बांधविलें नाहीं. पैसा नव्हता असें कोणी म्हणेल. पण त्याच दरबारानें उत्तरेंतील एकेका स्वारीसाठीं केवढें कर्ज काढलें, हें सर्वांस ठाऊक आहे.

१२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईच्या गोदींतून 'ट्रिंकोमाली' नांवाचें आणखी एक सागवानी जहाज पाण्यांत उतरलें. त्यानंतर चोवीस दिवसांनीं खडकीची लढाई झाली, आणि पुढच्या वर्षीं विजयदुर्गही गेला. 'ट्रिंकोमाली' मात्र इंग्लंडांत हार्टलपूलच्या बंदरांत आज दोनशें वर्षें उलटल्यावरही पाण्यावर आहे, आणि तें पाहण्यास लोक तिकीट काढून जातात.