पाणी कोणाचं?

"तू नक्की शिकतेस तरी काय?" घरच्या प्रत्येक कार्यात हा प्रश्न ठरलेला. 'पर्यावरण आणि विकासाचं अर्थशास्त्र' म्हटलं की समोरचा "अच्छा, झाडं वगैरे!" म्हणून जिलबीकडे वळतो. तर मंडळी, एकदाचं उदाहरणच देते.

१९७२ चा दुष्काळ. पुरंदर तालुका तसाही पर्जन्यछायेतला. पुण्यात कारखाना चालवणारे इंजिनियर विलासराव साळुंखे तिथली दुष्काळी कामं बघायला गेले आणि गुंतलेच. नायगावला देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. बांध घातले, पाणी अडवलं, उचलून शेताला दिलं.

इथवरची गोष्ट इतर गावांतही सापडेल. नवल पुढे आहे. त्यातून उभ्या राहिलेल्या 'पाणी पंचायती'चे नियम असे: पाणी जमिनीप्रमाणे नाही, घरातल्या माणसांप्रमाणे. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस बंद! एकाच्या उसापायी चौघांची ज्वारी वाळते, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाच्या १९६० च्या लेखातून एक सिद्धांत निघाला. देवघेवीला खर्चच येत नसेल, तर हक्क आधी कोणाला दिला याने काही बिघडत नाही. सौदे होत होत पाणी सर्वांत जास्त उत्पन्न देणाऱ्याकडे पोचतं. गणित अगदी चोख. पण एकूण उत्पन्न तेवढंच राहिलं, तरी ते कोणाच्या घरात जातं? गुंठाभरही जमीन नसलेल्या बाईच्या नावावर पाणी असेल, तर ती ते जमीनवाल्याला देऊन पिकात वाटा मागू शकते. नसेल, तर त्याच शेतात मजुरीला जाते.

अशा सगळ्या योजना काही टिकल्या नाहीत. साळुंखे २००२ मध्ये गेले. कालव्याचं पाणी आजही लाभक्षेत्रातल्या जमिनीमागेच धावतं, आणि धरणं बांधताना खर्च मात्र सगळ्यांच्या करातून होतो.

असो. पाणी किती आहे हे इंजिनियर मोजतात. ते कोणाचं, हे कोणी, कधी आणि कसं ठरवलं, हे शोधणं म्हणजे माझा अभ्यास. पुढच्या लग्नात आता जिलबी मलाही खाऊ द्या!