पीळ किती?

नट आवळायला जोर लागतो, अक्कल लागत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. आयुष्यात एकही नट न आवळलेल्या मंडळींनी तो पसरवलेला आहे. जोर किती लावला आणि पान्याच्या किती लांब टोकाला लावला, या दोहोंचा गुणाकार म्हणजे टॉर्क. पुस्तकात त्याला 'आघूर्ण' म्हणतात. मला आपला 'पीळ' बरा वाटतो. पण हा पीळ मोजायचा कशात, यावर आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात तीन राज्यं होऊन गेली.

पहिलं राज्य इंग्रजांचं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून आगगाडी ठाण्याला आली, 1 मे 1854 ला ती कल्याणपर्यंत पोचली. तिच्याबरोबर इंजिनांच्या मागोमाग फूट, इंच, पाउंडही उतरले. फूटभर दांड्याच्या टोकाला पाउंडाचं वजन टांगलं की तो झाला एक फूट-पाउंड. आमच्या आजोबांना हे चटकन समजलं असतं, कारण पाउंड म्हणजे अच्छेराला तोळाभर कमी. वाणी मारायचा तेवढंच!

मग 1956 साली दशमान मापांचा कायदा झाला. बाजारातले शेर-छटाक हळूहळू गेले, किलो आले. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ निघालं आणि वागळे इस्टेट, पुढे डोंबिवली, अशी कारखान्यांची वस्ती वाढत गेली. यंत्र ज्या देशाचं, मापं त्या देशाची. याच लोहमार्गावर कुर्ल्याला वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली प्रीमियर कंपनी तर एका छपराखाली दोन घरच्या सुना नांदवत होती: डॉज-फार्गो अमेरिकन, फियाट इटालियन. एक फूट-पाउंडवाली, दुसरी किलोग्रॅम-मीटरवाली. (1990 नंतरच्या दशकात त्यांच्या कल्याणच्या कारखान्यात प्यूजो 309 तयार होऊ लागली. ती मीटरच्या थेट माहेरची.)

एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे 7.233 फूट-पाउंड. बारीकसा आकडा, पण त्यावर माणसांचे जीव टांगलेले असतात.

ठाण्याला माझ्या ओळखीचे एक मिस्त्री होते. त्यांचा पाना अमेरिकन ट्रकांच्या जमान्यातला, त्यावर आकडे फूट-पाउंडांचे. दारात उभी टॅक्सी फियाट, तिचं पुस्तक किलोचं. चाकाचा बोल्ट समजा सात किलोग्रॅम-मीटर आवळायचा आहे. नव्या पोऱ्यानं पान्यावर सात लावले, की पाना 'कट्' वाजतो, पोऱ्या खूश होतो आणि बोल्ट सातव्या हिश्शानं आवळलेला राहतो. मग मुंब्र्याच्या वळणावर चाक टॅक्सीला मागे टाकून पुढे जातं. उलट घोटाळा झाला तर बोल्ट तुटतो, पण निदान गॅरेजात तुटतो. म्हणून मिस्त्रींनी दारावर ऑइलपेंटनं लिहून ठेवलं होतं: '1 किलो = 7.2 फूट'. वजनाचे फूट! शाळामास्तरांना भोवळच आली असती. मला मात्र त्या ओळीइतकं उपयोगी सुभाषित ठाण्यात दुसरं दिसलेलं नाही.

तिसरं राज्य न्यूटनचं. किलो हे वस्तुमान, जोर नव्हे, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. 1960 मध्ये जगानं नवी एकक-पद्धत ठरवली, 1976 च्या कायद्यानं ती आपल्याकडे आली. एक न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर काठीच्या टोकाला शंभरेक ग्रॅम शेवेची पुडी. असे 9.80665 झाले की एक किलोग्रॅम-मीटर.

मिस्त्रींच्या दारावर दुसरी ओळ उमटली: '1 किलो = 10 न्यूटन'.

"अहो, 9.8 हवं," मी म्हटलं.

"साहेब, दोन टक्के बोल्ट सोसतो," ते म्हणाले, आणि पोऱ्यानं आवळलेली चारही चाकं त्यांनी स्वतः पुन्हा तपासायला घेतली. टॅक्सीवाला बाहेर घड्याळ बघत होता. त्याला एकाच मीटरशी कर्तव्य होतं, आणि तो बंद होता.