इंदूरचा खड्डा : कुंडीतल्या सेंद्रिय मातीचा विस्मृत इतिहास

(१)
२०१८ मध्ये कॅनडाने प्रौढ नागरिकांच्या मर्यादित गांजा-वापराला कायदेशीर मान्यता दिली आणि बहुतेक प्रांतांत एका घरी चार रोपे लावण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये जर्मनीने प्रौढ व्यक्तीला तीन रोपांची परवानगी दिली. या कायद्यांबरोबर घरगुती लागवडीचा एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला : कुंडीत माती कोणती भरावी? त्याचे आज जे उत्तर दिले जाते, त्याचा एक धागा थेट होळकरांच्या इंदूरपर्यंत येऊन पोहोचतो.

(२)
ते उत्तर साधारणपणे असे असते. एक भाग कुजलेले कंपोस्ट. एक भाग पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत राहिलेले शेवाळ, किंवा त्याऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा. आणि एक भाग परलाइट, म्हणजे उष्णता देऊन लाहीसारखा फुगवलेला ज्वालामुखीजन्य दगड. वरून थोडी पेंड, थोडा हाडांचा चुरा. कंपोस्ट अन्न आणि सूक्ष्मजीव पुरवते, पीट पाणी धरून ठेवते, परलाइट मुळांना हवा मिळवून देते.

(३)
या मिश्रणातला प्रत्येक घटक वेगळ्या काळातून आणि वेगळ्या प्रदेशातून आला आहे. पीट व परलाइट यांच्या मागे विसाव्या शतकातील पाश्चात्त्य रोपवाटिका आणि विद्यापीठे आहेत. मात्र मिश्रणाचा प्राण असलेल्या कंपोस्टची आधुनिक कृती आकाराला आली ती माळव्यात, कापसाच्या शेतात. आणि त्या कृतीच्याही मागे अशा शेतकऱ्यांची परंपरा उभी आहे, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

(४)
प्रारंभ बंगालपासून करणे उचित ठरेल. आज भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याविना गांजाची लागवड हा गुन्हा आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र ती सरकारी परवान्याने होत असे. राजशाही जिल्ह्यातील नौगाव (आता बांगलादेशात) हे तिचे सर्वांत मोठे केंद्र होते. मध्य प्रांतात खांडव्याचा परिसर आणि मुंबई इलाख्यात प्रामुख्याने अहमदनगर जिल्हा या पिकासाठी ओळखला जाई.

(५)
नौगावच्या शेतांचे तपशील मुख्यतः दोन सरकारी दप्तरांत सापडतात. पहिले, डेप्युटी कलेक्टर हेमचंद्र कर यांचा १८७७ चा अहवाल. दुसरे, १८९३-९४ च्या भारतीय गांजा-भांग चौकशी आयोगाचा अनेक खंडी अहवाल. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. व्यसन, वेड आणि गुन्हेगारी यांविषयी चौकशी करता करता आयोगाने शेताची माती कशी तयार होते, हेही टिपून ठेवले.

(६)
त्या नोंदींतून जे चित्र दिसते, ते आजच्या कुंडीला फार परके नाही. जमीन हलकी, रेतीमिश्रित व निचऱ्याची हवी. झाडांची सावली नको. लागोपाठ दोन वर्षे एकाच शेतात हे पीक घेतले जात नसे. आजूबाजूची ताजी माती खरवडून शेतात पसरायची, शेणखत घालायचे, पुन्हा पुन्हा नांगरायचे. रोपे वेगळ्या वाफ्यात वाढवून सप्टेंबरच्या सुमारास सरींवर लावायची आणि पुढे मुळांशी शेण व पेंड यांचा दुसरा हप्ता द्यायचा.

(७)
निचरा, ताजी माती, कुजलेले शेण, उशिरा दिलेली पेंड : मिश्रणाचे तर्कशास्त्र येथे पूर्ण आहे, फक्त त्याला प्रमाणांची भाषा नाही. सरकारला त्या भाषेची गरजही नव्हती. राज्यसंस्था या मातीपर्यंत पोहोचली ती उत्पादन-शुल्कासाठी. म्हणून परवाना, क्षेत्र आणि वजन यांचे आकडे काटेकोर मिळतात. माती मळणाऱ्या हातांचे नाव मात्र क्वचितच मिळते.

(८)
हेमचंद्र करांचा अहवाल निघाला तेव्हा इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी तीन-चार वर्षांचे एक मूल वाढत होते : अल्बर्ट हॉवर्ड. केंब्रिजचे शिक्षण आणि वेस्ट इंडीजमधील नोकरी करून तो १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाला. त्याच वर्षी त्याचा विवाह गॅब्रिएल मॅथाई हिच्याशी झाला. ती स्वतः वनस्पती-शरीरशास्त्राची अभ्यासक होती आणि पुढील पंचवीस वर्षांचे संशोधन दोघांचे संयुक्त होते.

(९)
पुसा येथे एक गोष्ट हॉवर्ड यांच्या लक्षात आली. भोवतालचे शेतकरी रासायनिक खत वा कीटकनाशक न वापरता निरोगी पिके घेत होते. त्यांनी या शेतकऱ्यांना आणि खुद्द किडींना आपले गुरू मानले, असे ते पुढे लिहितात. हे विधान आज रोमँटिक वाटते. परंतु ज्या संस्थेचे कामच शेतकऱ्याला सुधारणे हे होते, तिच्या अधिकाऱ्याने असे म्हणणे त्या काळी साधे नव्हते.

(१०)
येथे साधने वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. हॉवर्ड यांच्या लेखनात ‘सन-हेम्प’ हा शब्द वारंवार येतो. तो गांजा नव्हे. ते आपल्याकडचे ताग, शेंगवर्गातील निराळे झुडूप. तागाचे हिरवळीचे खत शेतात गाडण्याचे प्रयोग त्यांनी केले आणि त्यांचा परिणाम भरवशाचा नसल्याचे त्यांना दिसले. कच्चा काडीकचरा जमिनीतच कुजू लागला की तेथील सूक्ष्मजीव नत्रासाठी पिकाशी स्पर्धा करतात. निष्कर्ष स्पष्ट होता : कुजवण्याचे काम शेताबाहेर उरकावे आणि तयार अन्न शेतात न्यावे.

(११)
पुसा येथे कामाची वाटणी खात्यांत झाली होती : बुरशी एकाकडे, कीटक दुसऱ्याकडे, रसायन तिसऱ्याकडे. पीक, जनावर आणि जमीन यांचा एकत्र विचार तेथे शक्य नव्हता. १९२४ मध्ये इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. निधी मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थानांचा, जमीन होळकर दरबाराची, सुमारे ३०० एकर. हॉवर्ड तिचे संचालक झाले.

(१२)
या संस्थेत रसायनशास्त्राचे काम यशवंत वाड यांच्याकडे होते. कुजण्याच्या प्रत्येक टप्प्यावर तापमान, ओलावा, कर्ब आणि नत्र यांची मोजणी झाली नसती, तर इंदूरचा खड्डा हा केवळ एक चांगला उकिरडा ठरला असता. परंपरेतली जाण आणि प्रयोगशाळेतले मोजमाप यांची गाठ पडली ती येथे.

(१३)
कृती अशी. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचे पाचट, तण, पालापाचोळा हे सारे मिसळायचे. टणक पऱ्हाट्या आधी रस्त्यावर अंथरायच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होतो. मग हा कचरा गोठ्यात जनावरांखाली पसरायचा, म्हणजे तो शेणमुताने भिजतो.

(१४)
पुढे खड्ड्यात थर. वनस्पतिज कचरा तीन भाग, प्राणिज एक भाग. जोडीला गोठ्यातील मूत्र मुरलेली माती, लाकडाची राख आणि शेणाचा काला. आधीच कुजत असलेल्या खड्ड्यातले थोडे साहित्य विरजणासारखे घालायचे. थर तुडवून दाबायचे नाहीत, कारण आत हवा खेळली पाहिजे. ढिगाचे तापमान चढते, मग उतरते. तीन वेळा उलथापालथ केली की सुमारे ९० दिवसांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार.

(१५)
कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण प्रारंभी सुमारे ३३:१ असते, अखेरीस ते १०:१ च्या आसपास येते. हे दोन आकडे म्हणजे इंदूर पद्धतीचा गाभा. कचरा ‘कच्चा’ आहे की ‘पिकला’ आहे, हे शेतकरी रंग, वास आणि स्पर्श यांवरून ओळखत आला होता. वाड आणि हॉवर्ड यांनी त्या ओळखीला अंक दिला. अंक मिळाल्यामुळे ती जाण माळव्याबाहेर प्रवास करू शकली.

(१६)
या पद्धतीमागे एक सामाजिक पेचही होता. शेण जमिनीला हवे, पण चुलीलाही हवे. जळणाला लाकूड नसलेल्या घराला ‘गोवऱ्या थापू नका’ असे सांगणे हा उपदेश झाला, उपाय नव्हे. इंदूरच्या कृतीत सगळे शेण लागत नव्हते. शेणाचा अंश, मूत्रमाती आणि भरपूर काडीकचरा यांवर काम भागत होते. चूल आणि शेत या दोघांनाही तिने जागा ठेवली.

(१७)
१९३१ मध्ये लंडनहून ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर लेखक दोन : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. आदल्याच वर्षी गॅब्रिएल यांचे निधन झाले होते. पद्धतीला नाव मिळाले ते व्यक्तीचे नव्हे, ज्या संस्थानात ती घडली त्याचे : ‘इंदूर प्रोसेस’. चीनच्या शेतकऱ्यांचे ऋणही हॉवर्ड यांनी मान्य केले. फ्रँकलिन किंग यांच्या १९११ च्या ग्रंथातून त्यांची कुजवण्याची रीत त्यांना कळली होती.

(१८)
आता शेतातून कुंडीकडे. १९३० च्या दशकात लंडननजीक मर्टन येथील जॉन इनिस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूएल यांनी कुंडीच्या मातीचे प्रमाण ठरवले : सात भाग पोयट्याची माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू. माती वाफेने निर्जंतुक करायची आणि त्यात शिंग-खुरांच्या चुऱ्याबरोबर सुपरफॉस्फेटसारखी खतेही घालायची. तोवर प्रत्येक माळ्याचे मिश्रण हे त्याचे खासगी गुपित असे. आता ते छापील सूत्र झाले.

(१९)
येथे दोन विचार समोरासमोर येतात. मर्टनला माती आधी जंतुमुक्त हवी होती, इंदूरला ती जिवंत हवी होती. पुढे १९५०-६० च्या दशकांत कॅलिफोर्निया आणि कॉर्नेल विद्यापीठांनी मातीच वगळली. वाळू, पीट, परलाइट आणि विद्राव्य खत यांवर रोप वाढू लागले. कारखान्याच्या शिस्तीत बसणारे, वजनाला हलके, दर वेळी एकसारखे असे हे मिश्रण होते.

(२०)
इंदूरचा विचार अमेरिकेत पोहोचला तो वेगळ्या वाटेने. १९४० मध्ये हॉवर्ड यांचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ प्रसिद्ध झाले. त्याने प्रभावित झालेल्या जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेती व बागकामाचे मासिक सुरू केले आणि संपादक मंडळात हॉवर्ड यांचे नाव घातले. शहर सोडून जमिनीकडे वळलेल्या १९६०-७० च्या दशकांतील तरुण पिढीपर्यंत कंपोस्टची ही दीक्षा अशा प्रकाशनांतून पोहोचली.

(२१)
उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत याच पिढीतील काहींनी बेकायदा गांजा लावला. नर रोपे उपटून मादी रोपांना बीजधारणा होऊ न देण्याची रीत तेथे नवलाची ठरली. नौगावात मात्र नर रोपे ओळखून काढणारा ‘पोद्दार’ हा स्वतंत्र जाणकार एकोणिसाव्या शतकातच सरकारी अहवालात नोंदला गेला होता.

(२२)
म्हणजे आजच्या ‘जिवंत मातीच्या’ कुंडीत मर्टन-कॉर्नेलचा सांगाडा आहे आणि इंदूरचा प्राण. पीट उपसल्याने दलदली नष्ट होतात, त्यांत साठलेला कर्ब हवेत जातो, हे लक्षात आल्यावर अनेकांनी काथ्याचा भुसा स्वीकारला. हा ‘कोकोपीट’ प्रामुख्याने दक्षिण भारत आणि श्रीलंका यांमधून परदेशी जातो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर टोमॅटो आणि मिरच्या लावणारेही माती, शेणखत अथवा गांडूळखत आणि कोकोपीट याच त्रयीवर येऊन थांबतात.

(२३)
हॉवर्ड यांचा मूळ आग्रह मात्र मिश्रणाच्या प्रमाणाचा नव्हता, परतफेडीचा होता : जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत गेले पाहिजे. इंदूरच्या खड्ड्यात काहीच विकत आणलेले नव्हते. आज ‘सेंद्रिय’ माती प्लास्टिकच्या पिशवीत समुद्रापार जाते आणि पीक निघाल्यावर पुष्कळदा ती कचऱ्यात टाकली जाते. कृती टिकली, तत्त्व निसटले.

(२४)
श्रेयाचेही तसेच झाले. लोकप्रिय लेखनात इंदूर पद्धतीपुढे बहुधा एकट्या हॉवर्ड यांचे नाव येते. वाड यांचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर असूनही दुर्मीळ, आणि नौगाव, अहमदनगर वा माळव्यातील ज्या हातांनी ही माती प्रथम मळली त्यांचे नाव तर मुळातच नोंदले गेले नाही. ज्ञानाचा इतिहास लिहिताना सूत्र कोणी मांडले हे सहज सापडते. सूत्रापूर्वी ते कोण जगत होते, हे शोधावे लागते.