पगारी खेळाडूंचा पहिला हंगाम

खेळांत पैसा शिरला कीं खेळ नासतो, असें आपल्या सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येतें. हें मत इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, त्याला पुरावा द्यावा असें कोणालाच वाटत नाहीं. परंतु ज्यांना खेळून पोट भरावयाचें नसतें, त्यांच्याच तोंडीं हें मत बहुधा अधिक शोभून दिसतें, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. फ्रान्स देशांत १९३२-३३ सालीं फुटबॉलच्या पगारी खेळाडूंचा पहिला राष्ट्रीय हंगाम झाला. या एका हंगामाचा इतिहास डोळ्यांपुढें ठेवला तर पैसा आणि सचोटी यांच्या नात्याचा कांहीं निराळाच अर्थ मनांत उभा राहतो. म्हणून तो इतिहास थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

इंग्लंडांत धंदेवाईक फुटबॉलला १८८५ सालींच मान्यता मिळाली होती. फ्रान्सनें मात्र पुढें जवळजवळ अर्धें शतक हौशीपणाचें सोंवळें पाळलें. खेळ हा सद्गृहस्थांचा विरंगुळा आहे, त्यांत मजुरीचा विषय निघणें म्हणजे अमंगळ, ही कल्पना तेथील पुढारी मंडळींत फार खोल रुजली होती. पण पहिलें महायुद्ध आलें आणि गेलें, व त्यानंतर खेळणाराहि बदलला आणि पाहणाराहि बदलला. राष्ट्रीय चषकाची स्पर्धा युद्ध चालू असतांनाच, १९१७ सालीं, सुरू झाली होती. १९१९ सालीं झ्यूल रीमे यांच्या अध्यक्षतेखालीं फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ स्थापन झाला. मैदानावर तिकिटें काढून येणारी गर्दी वाढली, क्लबांच्या पेटींत पैसा जमूं लागला, आणि ज्याच्या पायांनीं तो पैसा जमतो त्याला त्यांतलें कांहीं मिळावें कीं नाहीं, हा प्रश्न दाराशीं येऊन उभा राहिला.

त्या प्रश्नाला समाजानें जें उत्तर दिलें तें मोठें मासलेवाईक होतें. खेळाडूला पैसा द्यावयाचा, पण दिला असें म्हणावयाचें नाहीं! कोणाला नांवापुरती कारकुनी, कोणाला एखाद्या उपाहारगृहाची मालकी, तर कोणाला प्रवासखर्चाच्या नांवाखालीं पाकीट. असे नाना मार्ग निघाले. कागदावर सारे हौशी आणि प्रत्यक्षांत पुष्कळसे पगारी. या प्रकाराला फ्रेंचांनीं ‘मारों’ असें विशेषण लावलें. या शब्दाचा एक अर्थ तपकिरी असा आहे. परंतु वसाहतींतून पळून रानांत दडलेल्या गुलामांसाठींहि तो वापरला जाई, आणि पुढें परवान्यावांचून चोरून धंदा करणारालाहि तो लागू झाला. चोरून खेळाचा धंदा करणाऱ्या खेळाडूला याहून समर्पक नांव कोठून मिळावें?

हें ढोंग मोडावें असें म्हणणारे लोकहि होते. गाब्रिएल आनो हे स्वतः राष्ट्रीय संघांतून खेळलेले व पुढें वृत्तपत्रांत नांवाजलेले लेखक. त्यांनीं उघड वेतनाची बाजू सतत मांडली. सेत येथील क्लबाचे प्रमुख झॉर्झ बायरू आणि माँपेल्येचे इमान्युएल गांबार्देला यांनीं क्लबांच्या वतीनें खटपट केली. परंतु सर्वांत ठळक पाऊल टाकलें तें मोटारींचे कारखानदार झाँ-प्येर प्यूजो यांनीं. त्यांच्या सोशो गांवच्या क्लबाची स्थापना १९२८ सालची. आपल्या खेळाडूंना आपण पैसे देतों, ही गोष्ट लपविण्याचें त्यांनीं नाकारलें आणि १९३०-३१ मध्यें मोठमोठ्या क्लबांना बोलावून एक स्वतंत्र स्पर्धाहि भरविली. महासंघाला आतां कानाडोळा करणें शक्य नव्हतें. जानेवारी १९३१ मध्यें पगारी खेळाडूचें तत्त्व मान्य झालें आणि पुढील वर्षीं त्याचे नियम ठरले. ज्या क्लबाला या नव्या स्पर्धेंत उतरावयाचें असेल त्यानें आपली आर्थिक स्थिति भक्कम असल्याचें दाखवावें आणि निदान आठ पगारी खेळाडू करारानें बांधून घ्यावे, अशा अटी होत्या.

अशा रीतीनें वीस क्लब निवडले गेले, आणि त्यांची यादी पाहिली म्हणजे त्या काळच्या फ्रान्सचा एक निराळाच नकाशा दिसतो. वीसांपैकीं नऊ क्लब एकट्या दक्षिणेचे: मार्सेय, नीस, कान, आंतीब, इएर, सेत, माँपेल्ये, नीम आणि आलेस. राजधानी पॅरिसचे चार. उत्तरेच्या गिरण्यांच्या मुलखांतील तीन. पूर्वेचे तीन, व त्यांत युद्धानंतर जर्मनीकडून परत आलेल्या प्रदेशांतील मेत्स आणि म्यूलूझ हे दोन. आणि पश्चिमेचा एकटा रेन. ल्यों आणि बोर्दो यांसारख्या मोठ्या नगरांचा एकहि क्लब त्यांत नव्हता. समुद्रकांठचीं लहान गांवें मात्र हौसेनें पुढें सरसावलीं होतीं.

दहा-दहा क्लबांचे दोन गट करण्यांत आले. प्रत्येकानें आपल्या गटांतील इतर नऊ क्लबांशीं एकदां स्वतःच्या मैदानावर व एकदां त्यांच्या मैदानावर खेळावयाचें, म्हणजे एकूण अठरा सामने. आणि दोन गटांतील पहिल्या क्लबांनीं शेवटीं एकमेकांशीं झुंजून विजेतेपद ठरवावयाचें, अशी योजना होती. रविवार, ११ सप्टेंबर १९३२ रोजीं हंगामाला आरंभ झाला. त्याच दिवशीं मार्सेयनें लीलच्या ‘ऑलिंपिक’ क्लबाचा ७-० असा धुव्वा उडविला. त्या संध्याकाळीं लीलचा संघ मुलखाचें विजेतेपद मिळवील असें कोणी म्हटलें असतें तर लोकांनीं त्याला वेड्यांत काढलें असतें. पण अठरा सामने हें मोठें प्रस्थ असतें. हंगाम संपला तेव्हां पहिल्या गटाच्या शिरोभागीं लीलच होतें.

हंगामाच्या उलाढालींत जुन्या घराण्यांचीहि गय झाली नाहीं. ज्या ‘क्लब फ्रांसे’नें १९०० सालच्या ऑलिंपिक सामन्यांत फ्रान्सचें प्रतिनिधित्व केलें होतें, तो तळाशीं जाऊन खालच्या वर्गांत ढकलला गेला. त्याचा रोबेर मेर्स्ये यानें पंधरा गोल करून सर्वाधिक गोलांचा मान रेनच्या वाल्टर कायझरबरोबर वांटून घेतला. तरी बुडती नाव कांहीं त्याला सांवरतां आली नाहीं. १९३० च्या विश्वचषकांतील अगदीं पहिला गोल ज्यानें केला तो ल्यूस्यें लोराँहि या बुडत्या क्लबांतच होता. महासंघाच्या अध्यक्षांनीं, म्हणजे रीमे यांनीं, १८९७ सालीं स्वतः स्थापन केलेला ‘रेड स्टार’ क्लबहि त्याच वाटेनें गेला. निदान या बाबतींत तरी नव्या व्यवस्थेनें कोणाची भीड धरली नाहीं, हें तिच्या सचोटीला शोभेसेंच झालें.

परंतु खरी परीक्षा दुसऱ्या गटांत व्हावयाची होती. तेथें भूमध्य समुद्राकांठच्या आंतीब या लहानशा गांवच्या क्लबानें पहिला क्रमांक मिळविला. मात्र त्यानें लीलच्याच फीव या उपनगराच्या क्लबावर मिळविलेल्या ५-० या विजयाविषयीं कुजबूज सुरू झाली: हा विजय विकत घेतलेला आहे! महासंघानें चौकशी केली आणि आंतीबला अंतिम सामन्यास मुकावें लागलें. त्याच्या जागीं गटांतील दुसरा क्लब, आंतीबचाच जवळचा शेजारी कान, याला पाठविण्यांत आलें. १४ मे १९३३ रोजीं पॅरिसजवळील कोलोंब येथें, १९२४ चे ऑलिंपिक सामने ज्या क्रीडांगणावर भरले होते तेथेंच, लीलनें कानचा ४-३ असा निसटता पराभव करून पहिलें विजेतेपद पटकावलें. सामना रंगला, पण ज्यानें गट जिंकला तो घरीं बसलेला आणि ज्यानें जिंकला नाहीं तो मैदानांत उतरलेला, हें शल्य त्या दिवसाच्या आनंदांत राहिलेंच असणार.

आतां या सर्वांवरून काय समजावें? जुन्या मताच्या लोकांना उत्तर सोपें होतें. पगाराची वाट मोकळी केली आणि पहिल्याच वर्षीं लांच आली. आम्हीं सांगत नव्हतों काय? परंतु हा युक्तिवाद दिसतो तितका सबळ नाहीं. लांच पगारामुळें आली असें म्हणावयाचें तर पगार सर्वच वीस क्लबांत होता. लांचेला जन्म देतें तें लपून दिलेलें धन. आणि लपून धन देण्याची विद्या फ्रेंच फुटबॉलनें १९३२ सालीं शिकली नव्हती, ती तर हौशीपणाच्या सोंवळ्यांतच मुरली होती. फरक एवढाच पडला कीं, पूर्वीं सारेच पैसे चोरून दिले जात, तेव्हां कोणता पैसा पायांचा मोबदला आणि कोणता पैसा इमानाची किंमत, हें निवडण्यास साधनच नव्हतें. वेतन उघड झालें तेव्हां लांच वेगळी दिसूं लागली. दिवा लावल्यावर कोळिष्टकें दिसलीं म्हणून दिव्याला दोष देणें कितपत योग्य?

तथापि सुधारकांचीहि बाजू निर्दोष होती असें म्हणतां येणार नाहीं. आंतीबचा अंतिम सामना गेला, पण वरच्या वर्गांतलें स्थान कायम राहिलें. पुढच्या हंगामांत तो क्लब पुनः त्याच पंक्तींत बसला. दोन गटांची पद्धति मात्र सोडून देऊन १९३३-३४ पासून चौदा क्लबांचा एकच वर्ग करण्यांत आला. याहून मोठी उणीव निराळीच होती. खेळाडूला पैसा उघडपणें मिळूं लागला. स्वातंत्र्य मात्र मिळालें नाहीं. पुढें पुढें तर करारानें तो वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत क्लबाशीं जखडला गेला. त्याची विक्री व्हावयाची ती मालकांच्या मर्जीनें. १९६१ सालीं खेळाडूंनीं आपली संघटना उभारली. १९६३ सालीं रेमों कोपा या श्रेष्ठ खेळाडूनें ही स्थिति म्हणजे गुलामगिरी होय असें जाहीरपणें म्हटलें, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. मुदतीचे करार आले ते १९६९ मध्यें. ‘मारों’ या शब्दाच्या पोटांत पळून गेलेला गुलाम दडलेला होता, हें येथें सहज आठवतें.

पहिल्या हंगामानंतर बरोबर साठ वर्षांनीं हीच परीक्षा पुनः झाली. २० मे १९९३ रोजीं मार्सेयचा सामना व्हालांसिएन येथें होता, आणि सहा दिवसांनीं मार्सेयला युरोपच्या विजेतेपदासाठीं खेळावयाचें होतें. व्हालांसिएनच्या खेळाडूंनीं ढिलाईनें खेळावें म्हणून त्यांना पैसे देऊं करण्यांत आले. पुढें अडीच लाख फ्रँक एका खेळाडूच्या नातलगाच्या बागेंत पुरलेले सांपडले. मार्सेयचें राष्ट्रीय विजेतेपद काढून घेण्यांत आलें व तें कोणालाच न देतां रिकामें ठेवण्यांत आलें. पण हें प्रकरण उजेडांत कोणीं आणलें? झाक ग्लासमान या व्हालांसिएनच्याच खेळाडूनें. त्यानें पैसे नाकारले आणि घडलें तें सांगितलें. त्याबद्दल मैदानामैदानांतून त्याची हुर्यो झाली. तो कोणी संपन्न हौशी सद्गृहस्थ नव्हता. पगारावर जगणारा एक साधा खेळाडू होता. पगार घेतो तो इमान विकतोच, या जुन्या समजुतीला याहून चोख उत्तर दुसरें कोणतें असणार?

त्या पहिल्या हंगामांतील दोन क्लबांची शेवटची हकीकत सांगून हा लेख संपवितों. ज्याच्या पराभवावरून १९३३ सालीं वादळ उठलें तें फीव, आणि ज्यानें त्या वर्षींचें विजेतेपद मिळविलें तें लील, हे दोघे शेजारी १९४४ सालीं एकत्र झाले व त्यांतूनच लीलचा आजचा क्लब जन्मास आला. विजेता आणि संशयाच्या छायेंत हरलेला एकाच नांवाखालीं नांदूं लागले. कष्टाचें मोल राजरोस द्यावें आणि राजरोस घ्यावें, यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. लाज वाटावी ती फक्त अंधारांत बदलणाऱ्या हातांची. फ्रान्सला हें समजण्यास एक हंगाम पुरला नाहीं, कित्येक हंगाम लागले. आणि कोणत्याहि समाजाला तें एका हंगामांत समजत असेल असें वाटत नाहीं.