माडाखालची चूल
(मुंबई बेटावरील आपल्या घरांचे अन्न व त्याचा इतिहास)

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांतून मायनाक भंडारी यांचे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. इ. स. १६७९ मध्ये खांदेरीच्या खडकावर पाय रोवून त्यांनी मुंबईकर इंग्रजांच्या गलबतांस दाद दिली नाही. हा पराक्रम आपल्या मुलांना पाठ असावा, असे आम्हांसही वाटते. परंतु ज्या घरांतून असे पुरुष निघाले त्या घरांच्या चुलीवर काय शिजत होते, याविषयी आपल्या लेखनात क्वचितच काही आढळते. याचे कारण उघड आहे. चुलीचा विषय निघाला की माडाचा निघतो, माडाचा निघाला की माडीचा निघतो, आणि माडीचा निघाला की आपण मान खाली घालतो.

या दोषातून आम्ही स्वतःही सुटलेलो नाही. आम्ही प्राथमिक शाळेत असता एका गुरुजींनी वर्गात प्रत्येकास घराण्याचा धंदा विचारला. आमच्या आजोबांनी माहीमच्या वाड्यांतून माडी काढण्यात आपली उमेदीची वर्षे घालविली होती. आमचे उत्तर मात्र ‘शेती’ असे निघाले. मागील बाकावरून हसू ऐकू आले, कारण सर्वांना खरे ठाऊक होते. पुढे आम्ही स्वतः खडू हाती धरला व तीन तपांहून अधिक काळ मुलांना ‘खरे बोलावे’ असे शिकविले. पण तो एक शब्द मनातून गेला नाही. प्रस्तुत लेख ही त्या शब्दाची दुरुस्ती समजावी.

नावाचा वाद

‘भंडारी’ या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगतात. एका मताने हा शब्द ‘भांडार’ यावरून आला, म्हणजे आपण कोठाराचे रक्षक. दुसऱ्या मताने तो संस्कृत ‘मंडहारक’, म्हणजे मद्य गाळणारा, यावरून आला. आपल्या सभांतून पहिले मत मोठ्याने सांगण्यात येते व दुसरे गाळले जाते. भाषाशास्त्राचा निर्णय आमच्यासारख्याने द्यावा असा आमचा अधिकार नाही. तथापि मुंबई बेटाचा जुना वृत्तांत पाहता असे म्हणावेसे वाटते की, या दोन मतांत वाटते तेवढे अंतर नाही. ज्याच्या हाती माड होता, त्याच्या हाती खरोखरच एक भांडार होते.

बेट आणि बाग

आजची मुंबई ही पूर्वी कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम अशी सात बेटे होती, हे सर्वश्रुत आहे. बिंबराजाने माहीम वसविल्याची परंपरा महिकावतीच्या बखरीत आहे. ही बखर इतिहासाचार्य राजवाडे यांनी इ. स. १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. इ. स. १५३४ मध्ये गुजराथच्या बहादूरशहाने वसईच्या तहान्वये हा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. पुढे गार्सिया द ओर्टा नावाच्या पोर्तुगीज वैद्यास मुंबईचे बेट पट्ट्याने मिळाले होते. त्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ इ. स. १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात माडाविषयी सविस्तर माहिती आहे. माडाच्या बागा दोन प्रकारच्या राखीत, एक फळासाठी व दुसरी रसासाठी, असे तो सांगतो. आणि त्या रसापासून मद्याप्रमाणेच सिरका व गूळ कसा होतो, हेही सांगतो. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या परक्या वैद्यास माडाच्या रसात मद्याखेरीज अन्नही दिसले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इ. स. १६७३ मध्ये मुंबईस आलेला इंग्रज वैद्य फ्रायर यानेही माहीमच्या माडबनांचे वर्णन केले आहे. त्या बनांखाली भंडारी लोक राहतात व झाडांची निगा राखतात. बेटावरील मोठ्या मालमत्ता म्हणजे याच बागा होत, असा त्याचा आशय आहे. नारळीच्या बागेस इंग्रजी दप्तरात ‘ओआर्ट’ म्हणत. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. आपण तिला ‘वाडी’ म्हणत आलो. गिरगावातील चाळींच्या ज्या वाड्या आहेत, त्यांपैकी कित्येक मुळात अशा बागाच होत्या. ताडदेव, ताडवाडी, माझगावची भंडारवाडा टेकडी ही नावे अद्यापि टिकली आहेत. झाडे मात्र गेली.

एका ताटात तीन ज्ञाती

बेट लहान असल्याने कोणाही एका ज्ञातीचे एकट्याने चालत नसे. कोळी बांधव मासळी आणीत. खाडीकाठचे आगरी बांधव खाजणात भात पिकवीत व आगरात मीठ पिकवीत. माड आपल्याकडे. कोळ्यांच्या जाळ्यातील जी बारीक मासळी खाण्याजोगी नसे ती माडांच्या मुळांशी खत म्हणून पुरत. पुढे या खताच्या दुर्गंधीने रोगराई होते अशा समजुतीने इंग्रजांनी त्यास मनाई केली. पण त्यावर माड जोमाने येई, यात शंका नाही. माडाच्या सोडणांपासून काथ्या होई, काथ्याचे दोर होत, व ते दोर होडीवर चढत. म्हणजे समुद्रातून आलेले माडाला मिळे आणि माडाचे पुन्हा समुद्राकडे जाई.

आपल्या रोजच्या ताटातील भात आणि मासळीची आमटी पाहावी. भात व मीठ आगऱ्यांचे, बांगडा अथवा बोंबील कोळ्यांचा, आणि आमटीचे वाटण आपल्या नारळाचे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास लागत, तेव्हा मीठ लावून अथवा उन्हात वाळवून ठेवलेली मासळी ओल्या खोबऱ्याच्या वाटणात पडे. श्रावणातील पौर्णिमेस नारळ दर्यास अर्पण होई, घरोघर गुळाचा नारळीभात होई, आणि मगच होड्या पाण्यात जात. या सणात तिन्ही ज्ञातींचा हिशेब एका नारळाने पुरा होत असे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

माडाचा कोणताही भाग चुलीस वर्ज्य नव्हता. चुडते व करवंट्या जळणास, करवंटीचीच डवली आमटी ढवळण्यास, हिरांचा खराटा अंगणास, खोबरेल तळण्यास व दिव्यास. उन्हाळ्यात ताडाचे ताडगोळे मुलांना मिळत. मुंबईच्या रस्त्यांवर ते आजही विकावयास येतात, पण ते शहराबाहेरून.

एका मडक्याचे चार प्रहर

आता ज्या विषयापाशी आपण थबकतो त्याकडे वळतो. माडाचा रस ती माडी व ताडाचा रस ती ताडी, हा भेद आजच्या तरुणांस सांगावा लागतो. नारळीची पोय उमलण्यापूर्वी ती पात्याच्या पट्टीने घट्ट बांधावयाची, हलक्या हाताने ठोकून मऊ करावयाची, तिचे टोक धारदार कोयत्याने तासावयाचे व खाली मडके बांधावयाचे. सकाळ-संध्याकाळ मडके उतरावयाचे, दुपारी पुन्हा चढून टोक ताजे करावयाचे. म्हणजे एकेका माडावर दिवसातून तीन वेळा चढणे आले. खोडाला खाचा पाडलेल्या, कमरेला कोयता व भोपळा, खाली आधार काहीही नाही. हात एक बोटभर चुकला तर पोय वाया जाई. पाय चुकला तर माणूसच हाती लागत नसे.

हा रस पहाटे निघतो तेव्हा गोड असतो. मडक्यास आतून चुना लावला तर तो तसाच राहतो, तीच नीरा. नीरा लगेच कढईत आटविली तर तिचा गूळ होतो. चुना नसेल तर सूर्य वर येऊ लागताच रस फेसाळतो, आणि तो फेस म्हणजे पीठ फुगविणारे उत्तम खमीर. दिवस जाईल तशी त्यास मादकता येते. आणखी काही दिवस ठेवला तर आंबट सिरका होतो, तो लोणच्यास व मासळी टिकविण्यास लागतो. पेय, गूळ, खमीर व सिरका हे चारही पदार्थ एकाच मडक्यातील असून अंतर केवळ वेळेचे आहे.

आमच्या आजी या खमिराचे वर्णन वारंवार करीत. रात्री तांदूळ भिजत घालावयाचे, पहाटे रगड्यावर ओल्या खोबऱ्यासह वाटावयाचे, आणि पाण्याऐवजी नुकतीच उतरलेली माडी घालून पीठ सरसरीत करावयाचे. ऊन अंगणात येईपर्यंत पीठ दुप्पट होई. मग लहान वाट्यांत घालून वाफवावयाचे. वडीलधारी मंडळी ते काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याशी अथवा कालवणाशी खात, मुले गूळ-नारळाच्या रसाशी. आम्ही लहानपणी खाल्ले ते मात्र उडीद घालून रात्रभर आंबविलेले. आजी म्हणत, “उडदानं पीठ फुगतं रे बाबा, पण माडीचा वास कुठून आणू?” हे बोलणे आम्हांस तेव्हा समजले नाही. पुष्कळ वर्षांनी गोव्यात एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरी माडीवर फुगविलेली सान्नां पानात आली. पहिल्याच घासास आजीची आठवण झाली. यजमानीणबाई म्हणाल्या की, त्यांच्याकडेही आता माडी मिळणे कठीण झाले असून बहुधा बाजारचे यीस्टच घालावे लागते. गोव्याहून मुंबईस आलेले पाववालेही एके काळी पावाचे पीठ माडीनेच फुगवीत. तीही रीत मागे पडली.

कायदा आणि कुऱ्हाड

ही चूल विझली कशी? आपल्यात असे समजले जाते की लोक शिकले, सुधारले, व धंदा आपोआप सुटला. हे अर्धेच सत्य होय. इ. स. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडाचा रस काढण्यास परवाना व दर झाडामागे कर अशी पद्धत दृढ केली, आणि त्या काळात हा कर पुष्कळच चढविण्यात आला. मोहाची दारू मोठ्या भट्ट्यांतून काढून तिचा मक्ता देणे सरकारास सोयीचे होते. उरण हे त्या भट्ट्यांचे प्रमुख ठिकाण बनले. यातील मर्म असे की, कर झाडावर होता, रसाच्या उपयोगावर नव्हता. ज्या झाडाचा रस दुकानात मद्य म्हणून विकला जाई, त्याचा कर कसाबसा निघे. गूळ, सिरका अथवा घरच्या पिठासाठी एखादा माड राखणाऱ्यास तो परवडणे शक्य नव्हते. अशा रीतीने कायद्यानेच माडातील अन्न काढून घेतले व केवळ मद्य शिल्लक ठेवले. आणि मग जगाने आपणांस मद्याचे लोक म्हटले.

दुसरा घाव शहराच्या वाढीचा. इ. स. १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी निघाली व ती गिरणी उभी राहिली ताडदेवात, हा नियतीचा विनोदच म्हणावयाचा. इ. स. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व पुढे दादर-माटुंग्याकडील बागा आणि शेते यांवर नवी वस्ती आली. वस्ती हवीच होती. त्याविषयी तक्रार नाही.

तिसरा घाव इ. स. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा. १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. दारूने घरे बुडाली, आपल्या ज्ञातीतील घरेही बुडाली, हे आम्ही नाकारीत नाही. ज्या माउलींनी ते सोसले त्यांच्यापुढे बंदीविरुद्ध बोलण्याचे धैर्य आम्हांस नाही. महात्माजींनी मात्र दारूस विरोध करतानाच ताडगुळाचा पुरस्कार केला होता, व इ. स. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने तो उद्योग हाती घेतला. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील नीरेची दुकाने अनेकांस स्मरत असतील. म्हणजे वाट होती. पण तोवर आमच्या आजोबांसारख्यांनी कोयता माळ्यावर टाकला होता व मुलांना गिरणीत अथवा कचेरीत चिकटविले होते. पुढे बंदी सैल झाली, पण हात परत आले नाहीत.

आता काय करावे

मुंबईत माडबने पुन्हा उभी राहतील अशी भाबडी आशा आम्ही धरीत नाही. कोणी धंद्याकडे परतावे, असेही आमचे म्हणणे नाही. आपली मुले शिकली याचा आनंद आम्हांइतका कोणास असेल? मागणे एवढेच की, माहीम, वरळी, दादर येथील, तसेच रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर व गोवा येथील ज्ञातिबांधवांच्या घरी ज्या वृद्ध भगिनी आज हयात आहेत, त्यांना पीठ, वाटण, गूळ, सिरका यांविषयी विचारावे व ते लिहून ठेवावे. किती तांदळास किती नारळ, कोणत्या प्रहराची माडी, कोणत्या सणास कोणता पदार्थ, हे सर्व लिहावे. ज्यांच्या माळ्यावर जुना कोयता असेल त्यांनी तो मोडीत घालू नये. संस्थेने पुढील वर्षापासून स्मरणिकेची चार पाने या टिपणांसाठी राखून ठेवावीत, अशी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे.

मायनाकांची तलवार आपली, हे आपण सांगत आलो. त्यांच्या घरची डवलीही आपलीच, हे सांगण्यास संकोच कसला? गेल्या वर्षी आमच्या नातवाने शाळेतील कामासाठी विचारले, “आजोबा, आपला धंदा काय होता?” आम्ही या वेळी उत्तर चुकविले नाही. “माडाचा,” असे सांगितले, आणि मग वरील सर्व हकीकत त्यास ऐकविली. त्याने ती वहीत लिहून घेतली. आम्हांस मिळालेले समाधान प्रत्येक घरास मिळो, ही श्रीचरणी प्रार्थना करून लेखणी ठेवतो.